डाव्या कोपऱ्यातला बर्फ

"इथं मऊ आहे," यारो म्हणाला आणि हातातल्या हॉकीच्या काठीच्या टोकानं त्यानं डाव्या कोपऱ्यात बर्फावर एक गोल काढून दाखवला.

अंतिम सामन्याच्या दिवशीची सकाळ होती, साडेनऊची. सरावाला अजून कुणी आलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, हातमोजा काढला आणि तळहात बर्फावर टेकवून मनात वीस मोजले. चांगला बर्फ हाताला चिकटतो, हात उचलताना कातडी ओढतो. इथं हात नुसता ओला होऊन आला. मग बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. चांगल्या बर्फाचा आवाज बंद दारावर थाप मारल्यासारखा येतो. इथं भिजलेल्या फळीवर मारल्यासारखा आला.

यारो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी त्याला म्हटलं, "संध्याकाळपर्यंत दगड होईल."

तो हसला, काठी खांद्यावर टाकली आणि निघून गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मी लतीफ सोलकर, रत्नागिरीचा. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात मी अठरा वर्षं काढली. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे सोडायचे, अमोनियाचं मशीन चालू ठेवायचं, डबे उलटे करून लाद्या काढायच्या. त्या लाद्या फुटून मच्छीवर पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी होऊन गटाराला लागायच्या. बर्फ कुणी केला हे आजवर कुणा मच्छीवाल्यानं विचारलं नाही, आणि त्यानं का विचारावं?

चुलतभावानं आखातात बोलावून घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, तिथंही एखाद्या मच्छीच्या गोदामात काम असेल. शहराचं नाव घेत नाही, माझी माणसं अजून तिथं कामाला आहेत. विमानतळावरून मला थेट एका मोठ्या इमारतीत नेलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, वाळू उडतेय, आणि आत मैदानाएवढा पांढराशुभ्र बर्फ. तिथल्या एका बड्या व्यापाऱ्याला आइस हॉकीचं वेड होतं. त्यानं परदेशातून पगारी खेळाडू आणून संघ उभा केला होता. आजूबाजूच्या सहा शहरांचे असे सहा संघ, त्यांची दरवर्षी लीग व्हायची. खेळ आपल्या हॉकीसारखाच. फक्त पायात पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी काळी रबरी चकती, आणि समोरच्याला कडेच्या फळ्यांवर चेपायची मुभा. मला तो बर्फ राखायचा होता. रोज मशीनवर बसून तो तासायचा, वर पाण्याचा थर द्यायचा, खालच्या नळ्यांतलं मिठाचं पाणी उणे दहावर ठेवायचं. काम ओळखीचं निघालं. फक्त ही लादी फोडायची नव्हती.

इमारतीचे व्यवस्थापक देवस्थळी साहेब होते, पुण्याचे. माझ्याहून आठेक वर्षांनी लहान. सबंध इमारतीत मराठी येणारे आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी माझा पासपोर्ट उघडून ते म्हणाले, "रत्नागिरी? चला, आता कुणाशी तरी आपल्या भाषेत भांडता येईल." पण ते माझ्याशी कधी भांडले नाहीत. रमजानात माझी पाळी बदलून द्यायचे. माझी आई गेली तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून तिकीट काढून मला त्याच दिवशी विमानात बसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्याशी जसा वागलो ते ऐकताना हे माहीत असलेलं बरं.

त्या वर्षीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला आणि आमचा संघ ओळीनं पाच सामने हरला. कर्णधार यारोस्लाव, स्लोव्हाकियाचा, चौतीस वर्षांचा. सगळे त्याला यारो म्हणायचे, आणि आम्हा हिंदुस्थानी कामगारांच्या कानाला तो यारच वाटायचा. पाचवा सामना हरल्यावर तो माझ्याकडे आला. मला वाटलं, शिव्या घालणार. त्यानं मला हाताला धरून मशीनपाशी नेलं आणि मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून समजावलं की वरचा थर गार पाण्याचा नको, कढत पाण्याचा दे. कढत पाण्यात हवा कमी असते, बर्फ काचेसारखा घट्ट येतो. आणि जाडी कमी कर. सव्वा इंचाच्या वर गेलास की खालचा गारठा वरपर्यंत पोचत नाही. मी अठरा वर्षं बर्फ केला होता, पण बर्फावर बोलणारा माणूस पहिल्यांदा भेटत होता.

मी तसं केलं. आमच्या संघात म्हातारेच जास्त होते, पळण्यात कमी, पण हाताची सफाई भारी. बर्फ गुळगुळीत झाला तशी चकती त्यांचं ऐकायला लागली. नोव्हेंबरात तीन सामने जिंकले, डिसेंबरात पाच. प्रत्येक सामन्याच्या सकाळी यारो तासभर आधी यायचा, एकटाच चार फेऱ्या मारायचा आणि जाताना मला सांगायचा, इथं ठीक, तिथं खडबडीत. मी ते लगेच निस्तरायचो. बाहेरून आलेले संघही माझ्या बर्फाबद्दल बोलू लागले. जानेवारीत तिथल्या इंग्रजी पेपरात माझा मशीनवर बसलेला फोटो छापून आला. खाली यारोचं वाक्य होतं की असा बर्फ त्यानं युरोपातही चारच ठिकाणी पाहिलाय. मी कात्रण घरी पाठवलं. बायकोनं, जरीनानं, फोनवर सांगितलं की कारखान्याच्या मालकानं ते काचेत बसवून दारावर लावलंय. अठरा वर्षं ज्यानं मला 'ए' म्हणून हाक मारली, त्या माणसानं.

माझं डोकं तेव्हाच फिरलं असावं. इतर कामगारांशी बोलताना मी 'माझा बर्फ' म्हणायला लागलो होतो.

मार्चमध्ये डावा कोपरा दगा द्यायला लागला. बर्फाखालच्या नळ्या मैदानाच्या टोकाला जाऊन वळतात, त्या वळणावर दोन नळ्या गंजून तुंबल्या होत्या. तेवढ्या भागात गारठा पोचत नव्हता. मी देवस्थळींना सांगितलं. त्यांनी संघाच्या मालकाला लेखी कळवलं की दुरुस्तीला बर्फ पूर्ण वितळवावा लागेल, चार-पाच दिवस मैदान बंद राहील. मालकाचं उत्तर आलं, अंतिम सामन्यानंतर बघू. देवस्थळींनी ते उत्तर मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, तोवर सांभाळा. मी सांभाळलं. त्या कोपऱ्यात रोज हातानं बर्फ लावून दोन आठवडे काढले. यारो सोडून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी मात्र दुपारपर्यंत काही केल्या कोपरा धरेना. एक वाजता मी देवस्थळींच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, कोपरा सुटतोय.

"सुटतोय म्हणजे?"

"वरून धरतो, आत लगदा आहे."

त्यांनी डोक्याला हात लावला. मालक आपल्या पाहुण्यांना घेऊन येणार होते, टीव्हीवाल्यांचे कॅमेरे सकाळपासून लागले होते, सगळी तिकिटं गेली होती. मालक आधीच बोलले होते की संघ तोट्यात आहे, यंदा काही झालं नाही तर बंद करून टाकतो. म्हणजे त्यांची, माझी, खेळाडूंची, सगळ्यांचीच गाठोडी बांधायची वेळ. देवस्थळी म्हणाले, "काहीतरी करा, लतीफभाई. सामना झाला पाहिजे."

मी चार वाजल्यापासून कोपऱ्यात बसलो. खरवडलेला बर्फ पाण्यात कालवून भरायचा, फळकुटानं दाबायचा आणि वरून आग विझवायच्या सिलिंडरचा गॅस सोडायचा. त्या गॅसनं वरचा थर क्षणात गोठतो. असे सहा सिलिंडर मी रिकामे केले. बोटं काळीनिळी पडली. सहा वाजता ठोकून पाहिलं, आवाज बरोबर आला. बघणाऱ्याला दिसलंही नसतं की इथं काही केलंय. पण मी जन्मभर लाद्या काढल्या होत्या. कुठली लादी वरून पांढरी आणि पोटात पाणी धरून आहे, हे मला न फोडता कळायचं.

साडेसहाला दारं उघडली, लोक आत आले आणि त्यांच्याबरोबर बाहेरची गरम हवाही. बर्फावर धुक्यासारखी वाफ धरली. सात वाजता मी शेवटची फेरी मारायला मशीन बाहेर काढलं. त्या दिवशी संघानं ठरवलं होतं, बर्फवाल्याचाही मान करायचा. निवेदकानं माझं नाव घेतलं. लतीफ सोलकर, इंडिया. वरच्या मोठ्या पडद्यावर माझा चेहरा आला. साडेतीन हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. यारो दारापाशी उभा होता, त्यानं काठी फळ्यांवर आपटून मला सलाम केला.

मशीन आत लावून मी खाली उतरलो तेव्हा दारापाशी मुख्य पंच उभे होते, हातात कागद. बर्फ खेळण्याजोगा आहे अशी त्यांना सही करायची होती. दुपारी मला डाव्या कोपऱ्यात बसलेलं त्यांनी पाहिलं असावं, त्यांनी तिकडं बोट दाखवून देवस्थळींना काहीतरी विचारलं. देवस्थळी माझ्याकडे वळले. ढोल वाजत होते, गाणी लागली होती. ते माझ्याशी मराठीत, मोठ्यानं बोलले. मी मान डोलावली. त्यांनी पंचांकडे बघून मान डोलावली. पंचांनी सही केली.

दुसऱ्या सत्राची सात मिनिटं झाली होती. दोन्ही संघांचा एकेक गोल. चकती डाव्या कोपऱ्यात गेली आणि यारो तिच्यामागं धावला. त्याच्यामागं समोरच्या संघाचा एक उंच पोरगा होता, पण त्यानं यारोला हातही लावला नाही, हे नंतर शंभर वेळा टीव्हीवर दाखवलं. फळ्यांच्या तीन हात अलीकडं यारोनं वळण्यासाठी उजव्या पायावर सगळा भार टाकला. पातं खाली गेलं आणि तिथंच अडकलं. पाय राहिला, माणूस पुढं गेला. तो डोक्यानिशी फळ्यांवर आदळला.

पडल्यावर तो हलला नाही. वाद्यं थांबली. डॉक्टर धावले, अर्ध्या तासानं त्याला फळीवर बांधून नेलं. मग मला बोलावलं. मी गुडघ्यावर बसून पाहिलं तर पात्याच्या आकाराची चीर पडली होती, थेट खालच्या काँक्रीटपर्यंत, आणि तिच्यात पाणी साचलं होतं. पंच माझ्या डोक्यावर उभे राहून तेच बघत होते. सामना तिथंच संपला. चषक कुणालाच दिला नाही.

यारोची मान मोडली होती. जगला, पण छातीखाली त्याचं अंग त्याचं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कामगारांच्या खोल्यांत एकच बोलणं सुरू झालं. लतीफ बिचारा सांगत होता, साहेबानं ऐकलं नाही. साहेबानं दटावून हो म्हणवून घेतलं. हे मी उठवलेलं नव्हतं. दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलेला लोकांनी पाहिला होता, संध्याकाळी दारापाशी ते मोठ्यानं बोलताना पाहिलं होतं. दोन आणि दोन त्यांनीच जोडले. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवायचं, कुणी माझ्यासाठी जेवण वाढून ठेवायचं. मी ते जेवायचो.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. यारोची बहीण त्याच्या देशातून आली होती, ती उशाशी बसली होती. त्याच्या डोक्याभोवती लोखंडी कडं होतं, त्याला मान वळवता येत नव्हती. मी त्याला दिसेल असा पायाशी जाऊन उभा राहिलो. तो सावकाश म्हणाला, मला सगळं कळलंय, तुझ्यावर जबरदस्ती झाली. तुझा दोष नाही. मी त्याच्या चादरीची घडी नीट केली आणि बाहेर आलो. बहीण मागून दारापर्यंत आली आणि तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. मी ते तसेच तिच्या हातात राहू दिले.

आठवड्यानं चौकशी बसली. आदल्या दिवशी मालकाच्या वकिलानं मला बोलावलं. हा माणूस हिंदी चांगलं बोलायचा. त्यानं चहा मागवला आणि फार गोडीनं सांगितलं की बर्फवाल्यानं स्वतःच्या मनानं हो म्हटलं असेल तर गुन्हा बर्फवाल्याचा, तुरुंग इथला आणि मुदत किती ते मलाही सांगता येणार नाही. पण साहेबाच्या हुकमावरून म्हटलं असेल तर कामगार काय करणार? काय खरं ते तूच बघ. त्यानं मला खोटं बोलायला सांगितलं नाही. मालकाचं मार्चमधलं पत्र कुठं गेलं ते त्यानंतर कुणाला सापडलं नाही, एवढं मात्र खरं.

चौकशीला तिघंजण होते, एका लांब टेबलाच्या पलीकडं. देवस्थळी एका कडेला, मी दुसऱ्या. आधी पंचांनी सांगितलं: व्यवस्थापक त्या कामगाराशी त्यांच्या भाषेत मोठ्या आवाजात बोलले, बोट दाखवून बोलले, आणि कामगारानं मान डोलावली. शब्द मला कळले नाहीत, असं पंच म्हणाले.

मग देवस्थळींना विचारलं, तुम्ही काय बोललात. त्यांनी सांगितलं. आधी मराठीत, जसंच्या तसं, माझ्याकडे बघून:

"मी म्हणालो, लतीफभाई, खरं सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता सामना रद्द करतो. मालकाचं माझं मी बघतो."

मग त्यांनी तेच इंग्रजीत सांगितलं.

शब्द न् शब्द खरा होता. दुपारी ते म्हणाले होते की सामना झाला पाहिजे, तेही खरं. पण त्यानंतर सहा तास त्या माणसानं ते ओझं वागवलं असणार, आणि संध्याकाळी दारापाशी त्यांनी ते खाली ठेवलं. बोट दाखवलं ते कोपऱ्याकडं. मोठ्यानं बोलले ते ढोलांमुळं. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांना माझ्या तोंडून 'नाही' ऐकायचं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

आणि मला भीती वाटत नव्हती. नोकरीची नाही, मालकाची नाही. कशाचीच नाही. मी नुकताच मशीनवरून उतरलो होतो, कानात टाळ्या होत्या, समोर यारो होता. सकाळी त्याला सांगितलं होतं, दगड होईल. आता साडेतीन हजार माणसांसमोर कसं म्हणायचं की माझा बर्फ कच्चा आहे? सहा सिलिंडर ओतूनही बर्फ आत सुटलेलाच आहे हे त्या इमारतीत एकट्या मला माहीत होतं. मी मान डोलावली, आणि नुसती डोलावली नाही. तोंडानं म्हणालो, "पक्का आहे साहेब. माझा बर्फ आहे."

टेबलापलीकडच्या तिघांतल्या बाईंनी मला हिंदीत विचारलं, "हे असं म्हणाले का तुम्हाला?"

देवस्थळी माझ्याकडे बघत होते. घाबरलेले नव्हते. मी काय सांगणार याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. त्या खोलीत, त्या शहरात, त्या सबंध प्रकरणात ते वाक्य समजलेला दुसरा माणूस फक्त मी होतो.

मी म्हटलं, "साहेब मोठ्यानं काहीतरी बोलले. मी मान डोलावली. ते साहेब आहेत. साहेब सांगतील ते आम्ही करतो."

"त्यांनी सामना रद्द करतो असं म्हटलं का?"

"आठवत नाही."

देवस्थळींनी मान खाली घातली. मराठीत ते मला तेव्हाही काही बोलू शकले असते, कुणाला कळलं नसतं. ते बोलले नाहीत.

त्यांची नोकरी त्याच दिवशी गेली. पासपोर्ट सात महिने जप्त होता. त्यांच्या बायकोनं पुण्याचं राहतं घर विकून तिथला दंड भरला असं नंतर कानावर आलं. बातमी इकडच्या पेपरांतही आली होती, नावासकट, पैशापायी खेळाडूला अपंग करणारा मराठी अधिकारी म्हणून. संघ बंद पडला तो पडलाच. मला दुसऱ्या शहरात दुसऱ्या बर्फावर नोकरी मिळाली. तिथल्या लोकांनी माझं नाव पेपरात वाचलं होतं, साहेबाच्या जुलमाखाली सापडलेला गरीब कारागीर म्हणून. तिथं सहा वर्षं काढून मी घरी आलो. थोरलीचं लग्न झालं, जावई चांगला मिळाला. जुन्या मालकानं कारखाना चालवायला माझ्याकडं दिला. बंदरावर ही कथा मी किती वेळा सांगितली त्याला गणती नाही, आणि प्रत्येक वेळी देवस्थळी साहेब थोडे थोडे वाईट होत गेले.

त्या सामन्याला नऊ वर्षं झाल्यावर, डिसेंबरातल्या एका सकाळी, ते कारखान्याच्या दारात उभे होते. केस सगळे पांढरे. बरोबर बायको, साधी सुती साडी, हातात पाण्याची बाटली. मी ओळखलं आणि हातातली वही मिटली. जावयाला ते कोण ते माहीत नव्हतं. त्यानं खुर्च्या टाकल्या, चहा आणवला. चार-पाच कामगार लाद्या ओढत होते, तेही पाहुणे बघून थांबले.

देवस्थळींनी माझी चौकशी केली. मुली कुठं असतात, जरीनाभाभी कशा आहेत. स्वतःबद्दल विचारल्यावर म्हणाले, कर्वेनगरला एका पोहण्याच्या तलावाची व्यवस्था बघतो, पाणी सुटलं नाही अजून. मग त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"लतीफभाई, मी काही मागायला आलेलो नाही. चौकशी संपली, ते कागदही आता कुठं नसतील. ही अश्विनी. हिनं नऊ वर्षं माझ्यावर विश्वास ठेवलाय, पण तो नुसता ठेवलेला आहे. तिला एकदा ऐकायचंय. त्या दिवशी दारापाशी मी तुम्हाला काय म्हणालो होतो?"

मशीनची घरघर चालू होती. जावई माझ्याकडं बघत होता. कामगारांतला एक, जो माझी कथा दुसऱ्यांना सांगायचा, तो दोन पावलं पुढं आला होता. बाईंनी माझ्या चेहऱ्यावर नजर रोखली होती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. झोपेतही मला ते पाठ आहे.

मी म्हटलं, "ढोल फार वाजत होते साहेब. मला नीट ऐकू आलं नाही."

देवस्थळी नुसतंच "बरं" म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले.

बाई मात्र उठल्या नाहीत. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या, "मग मान कशाला डोलावलीत?"

मी चहाचे ग्लास गोळा करायला लागलो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला हात घातला आणि त्याला उठवलं, एखाद्या आजारपणातून उठलेल्या माणसाला उठवावं तसं. दोघं लाद्यांच्या ओल्या वाटेवरून एकमेकांना धरून फाटकाकडं गेले. मागं वळून कुणी पाहिलं नाही.

जावयानं विचारलं, "कोण होते, अब्बा?"

मी म्हटलं, "तिकडच्या ओळखीचे. रस्ता चुकले होते."